नदीपलीकडचं वर्तुळ

मी एक जुनी डबी आहे. काड्यापेटीपेक्षा थोडी मोठी, काळी, एका कोपऱ्यावर टवका उडालेली. मित्रांनो, तुम्ही मला पाहिलंत तर गोळ्या ठेवायची डबी समजाल. पण माझ्या पोटात गोळ्या नाहीत, एक बारीक यंत्र आहे. ते आकाशातल्या उपग्रहांकडून आपली जागा विचारून घेतं आणि दर अर्ध्या मिनिटाला ती एका कचेरीला कळवतं. मला गळ्यात घालून जो चालेल, तो कचेरीतल्या स्क्रीनवर ठिपका होऊन चालतो. तो थांबला की ठिपका थांबतो. एवढंच माझं काम, आणि एवढंच मला येतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण मला याहून बरंच काही येतं असं लोकांनी धरलं, आणि त्यातूनच पुढचं सगळं घडलं.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. केसांवर टोप्या घातलेल्या बायका तिथे भिंगातून बघत आमच्या पोटात तारा जोडत असत. मग आम्हा चाळीसजणींना गच्चीवर उन्हात एका ओळीत मांडलं. त्या दिवशी पहिल्यांदा मला कळलं की मी कुठे आहे. तपासनिसाने आकडे ताडून पाहिले, माझी चूक दोन पावलांची निघाली. त्याने माझ्या पाठीवर 'उत्तम' अशी चिठ्ठी चिकटवली. त्या चिठ्ठीचा डिंक पुढे कितीतरी दिवस माझ्या पाठीला होता.

तिथून मी एका संस्थेत आले. जे रुग्ण दवाखान्यापर्यंत जाऊ शकत नाहीत, त्यांच्या घरी ही संस्था नर्स पाठवत असे. चौदा नर्स होत्या. प्रत्येकीच्या गळ्यात एक डबी आली. मी जिच्या वाट्याला आले, तिला सगळे नुसतंच सिस्टर म्हणत. वय पन्नाशीला टेकलेलं. बावीस वर्षं ती हेच काम करत होती. एका खांद्यावर पट्ट्या-कात्र्यांची जड पिशवी, हातात छत्री. ती छत्री पावसापेक्षा कुत्र्यांसाठी जास्त उपयोगी पडे. चालणं भरभर, बोलणं सावकाश. मला गळ्यात अडकवताना पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "चला, इतकी वर्षं नवऱ्याने कधी विचारलं नाही कुठे जातेस म्हणून. आता ही चुगली सांगत बसेल."

तेव्हापासून माझं नाव चुगली पडलं. मला ते आवडायचं नाही. पण तिचा हात मायेचा होता. रुग्णांना अंघोळ घालताना पाणी उडेल म्हणून ती मला पदराखाली घेई, आणि घरी गेल्यावर आधी मला चार्जिंगला लावून मगच चहा टाकी.

पहिलं वर्ष माझ्या कौतुकाचं गेलं. शहराच्या टोकाला एक वसाहत होती. छत्तीस इमारती, सगळ्या एकाच रंगाच्या, पाट्या उडून गेलेल्या. तिथे एका आजींना कपडे घालताना अचानक काहीतरी झालं. त्या खुर्चीतच मान टाकून बसल्या. सिस्टरने कचेरीला फोन लावला आणि फोन जमिनीवर तसाच ठेवून आजींना खाली निजवलं. माझा ठिपका बघून रुग्णवाहिका नऊ मिनिटांत नेमक्या दारात आली. आजी वाचल्या. पुढच्या बैठकीत मोठ्या साहेबांनी मला हातात धरून भाषण केलं. यंत्रामुळे जीव वाचला, असं ते तीनदा म्हणाले. त्या नऊ मिनिटांत आजींच्या छातीवर दाब देऊन देऊन सिस्टरची मनगटं सुजली होती, त्याचा उल्लेख कुठेच आला नाही. मित्रांनो, खरं सांगते, मलाही तेव्हा ते खटकलं नाही. मी फुगले होते.

दुसऱ्या वर्षी वर्तुळं आली.

म्हणजे असं. कचेरीच्या नकाशावर प्रत्येक रुग्णाच्या घराभोवती एक वर्तुळ आखलं गेलं. नर्सचा ठिपका त्या वर्तुळात शिरला की भेट झाली, ठिपका हिरवा. नाही शिरला तर भेट झाली नाही, ठिपका लाल. पूर्वी सिस्टर एका वहीवर रुग्णाची सही घेई. ती वही बंद झाली. दोनशे अकरा वर्तुळं एका माणसाने एका दुपारी कचेरीत बसून आखली. पत्ता टाकायचा, नकाशा जी जागा दाखवेल तिथे वर्तुळ ठेवायचं, पुढचा पत्ता. तो आळशी नव्हता. त्याला तेवढंच सांगितलं होतं.

आता त्या शहरात गिरणी गल्ली दोन होत्या. नदीच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक. गिरणी कधीच पडली होती, पण ती दोन्ही काठांवर पसरलेली होती, प्रत्येक काठावर तिचा एक दरवाजा होता आणि दोन्ही दरवाजांसमोरच्या गल्ल्यांना लोक तेच नाव देत. पलीकडची गल्ली मोठ्या बाजारात होती, म्हणून नकाशाला ती ठाऊक होती. अलीकडची नव्हती. त्यामुळे अलीकडच्या एका घराचं वर्तुळ पलीकडे जाऊन बसलं, एका चपलांच्या दुकानावर.

ते घर मोजणीदारांचं.

मोजणीदार काका अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. आयुष्यभर त्यांनी साखळ्या ओढत जमिनी मोजल्या होत्या. आता शुगरमुळे त्यांच्या उजव्या टाचेला जखम होती. एक दिवसाआड ती धुवायची, कडेची मेलेली कातडी कापायची आणि नवी पट्टी बांधायची, हे सिस्टरचं काम. घरात सून होती. ती पुढच्या खोलीत मशीनवर एका कारखान्यासाठी शर्टांची काजं करत बसे. मुलगा जहाजावर असायचा, वर्षातून दोनदा उगवायचा. काका पाय स्टुलावर ठेवून खिडकीशी बसत आणि सिस्टर आली की घड्याळ बघत.

"आज चार मिनिटं उशीर."

"पुलावर गर्दी होती, काका."

"पूल तुमच्या वाटेत येतच नाही. खोटं बोलायचं तर भूगोल तरी नीट करावा माणसाने."

सिस्टर हसून चिमटा उकळत्या पाण्यात टाकी. काकांना मी बघायला फार आवडे. ते मला तळहातावर घेऊन विचारत, "किती पावलांची चूक आहे हिची?" सिस्टर म्हणे, "ते मला काय माहीत? तिलाच विचारा." मला सांगता आलं असतं तर मी दोन म्हटलं असतं.

मित्रांनो, त्या घरात असताना मी प्रत्येक वेळी बरोबर जागा कळवली. सिस्टरही प्रत्येक वेळी तिथेच होती. पण वर्तुळ होतं नदीपलीकडे. त्यामुळे एक दिवसाआड स्क्रीनवर तिचा ठिपका लाल होत गेला.

दोन महिन्यांनी तिला बोलावणं आलं. घरभेटींचे साहेब शांत गृहस्थ होते. त्यांनी तिला बसायला खुर्ची दिली आणि स्क्रीन तिच्याकडे वळवली.

"सिस्टर, सव्वीस भेटी. एकही झालेली नाही."

"कुठली? काकांची? अहो, परवाच जाऊन आले मी."

"यंत्र म्हणतंय तुम्ही इथे होतात." त्यांनी ठिपक्यावर बोट ठेवलं. "आणि रुग्णाचं घर इथे आहे. मध्ये नदी आहे."

सिस्टरने चष्मा लावला. बोटाने नदी आणि पूल शोधला. मग म्हणाली, "घर इथेच आहे, जिथे ठिपका आहे. तुमचं वर्तुळ चुकलंय."

"दोनशे दहा वर्तुळं बरोबर आणि नेमकं हे एक चुकलं?"

"साहेब, मी भटकत असते तर ठिपका रोज वेगळीकडे दिसला असता. सव्वीस वेळा एकाच जागी कशी दिसेन?"

साहेबांनी क्षणभर विचार केला. मला वाटलं, पटलं. ते म्हणाले, "तिथे तुमचं कोणी राहत असेल."

सिस्टरच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तिच्या गळ्याशी होते म्हणून मला तो धपधप ठोका जाणवला. तरी ती सावकाशच बोलली. "तुम्ही कोणीतरी या. मी नेते. पाऊण तासाचं काम आहे."

"प्रत्येक ठिकाणी माणूस पाठवायचा असता, तर यंत्रं कशाला घेतली असती?"

त्यांनी काकांच्या सुनेला फोनही केला. ती म्हणाली, सिस्टर नियमाने येतात. साहेबांनी फोन ठेवला आणि वहीत लिहिलं, 'घरच्यांशी घरोबा, साक्ष ग्राह्य धरता येत नाही.' पंधरा दिवसांनी चौकशी ठरली.

हे काकांना कळलं तेव्हा त्यांनी सुनेकडे फक्त एक मोठा कागद मागितला. दुसऱ्या वेळी आम्ही गेलो, तर त्यांच्या मांडीवर फळी, फळीवर मोठा कागद आणि हातात टोकदार पेन्सिल. सून सांगत होती, "कालपासून जेवायलाही उठले नाहीत. मला टेप घेऊन गल्लीच्या तोंडापर्यंत पळवलं. शेजारणी हसत होत्या."

काकांनी पाच दिवसांत नकाशा काढला. नदी, पूल, पडक्या गिरणीचे दोन दरवाजे, दोन गल्ल्या, आणि अलीकडच्या गल्लीत आपलं घर. प्रत्येक अंतर लिहिलेलं. उत्तर कुठे ते बाणाने दाखवलेलं. खाली सही, तारीख आणि 'निवृत्त मोजणीदार'. हात थरथरायचा, पण रेघ कुठेही थरथरलेली नव्हती. रेघ ओढताना ते श्वास धरून ठेवत, ते मी जवळून पाहिलं होतं.

"हा दाखवा," ते म्हणाले. "दोन मिनिटांत त्यांची चूक त्यांना दिसेल. मोजलेल्या गोष्टीवर वाद होत नाही."

बिचारे. आयुष्यभर मोजलं, पण त्यांना कचेरी ठाऊक नव्हती.

चौकशीत घरभेटींचे साहेब धरून तीन माणसं बसली होती. सिस्टरने मला गळ्यातून काढून टेबलावर ठेवलं आणि शेजारी तो नकाशा उलगडला. एका माणसाने चष्मा पुसला. दुसऱ्याने नकाशा उलटा धरला, मग सुलटा केला.

"हा कोणी काढला?"

"रुग्णानेच. ते मोजणी खात्यात होते."

"म्हणजे रुग्ण घरबसल्या नकाशे काढण्याइतका ठणठणीत आहे," साहेब म्हणाले. कोणीतरी हसलं.

"याला कुठल्या खात्याचा शिक्का आहे का?"

"नाही. पण तुम्ही ताडून बघा ना. नदी खोटी काढलेली नाही त्यांनी."

"सिस्टर, बाजूला यंत्र आहे. ते उपग्रहाशी बोलतं. आम्ही पेन्सिलीचं ऐकायचं का?"

मी तिथेच पडले होते, त्या कागदापासून चार बोटांवर. मी कळवलेली जागा आणि काकांनी दाखवलेलं घर, दोन्ही एकच होतं. आम्ही दोघं एकच गोष्ट सांगत होतो. पण ते कोणी ताडून पाहिलं नाही, आणि मला तोंड नव्हतं. साहेबांनी नकाशाची घडी घातली, पंच मशीनमध्ये घालून दोन भोकं पाडली आणि तो फायलीत अडकवला. एक भोक पुलावर पडलं.

बावीस वर्षांची नोकरी अकरा ओळींच्या पत्राने गेली. सिस्टरने पिशवीतून संस्थेच्या कात्र्या आणि चिमटे काढून एकेक मोजून दिले. मग माझी दोरी सरळ करून मला त्यावर ठेवलं. "हिची बॅटरी लवकर उतरते," ती कारकुनाला म्हणाली. "जी घेईल तिला सांगा." आणि छत्री घेऊन गेली. मी ज्या साक्षीने तिचा घात केला, ती साक्ष खरी होती. मित्रांनो, खोटं बोलून घात केला असता तर मला इतकं लागलं नसतं.

मग मी धाकट्या सिस्टरच्या गळ्यात आले. ती नुकती शिकून आलेली होती, मनाने चांगली, घाबरट. रोज अकरा घरं. पहिल्या दिवशी ती विचारत विचारत काकांच्या घरी पोचली, ड्रेसिंग नीट केलं, आणि ठिपका लाल झाला. कचेरीने स्क्रीनवरचं वर्तुळ दाखवून खुलासा मागितला. दुसऱ्या वेळी ती आधी पलीकडे चपलांच्या दुकानासमोर जाऊन उभी राहिली, हिरवी झाली, मग पुलावरून अलीकडे आली. त्यात तास गेला आणि पुढची दोन घरं लाल झाली. पुन्हा खुलासा. खुलाशात तिने वर्तुळाचं लिहिलं असेल असं तुम्हाला वाटेल. तिने लिहिलं नाही. आधीच्या बाईने तेच म्हटलं आणि तिचं काय झालं, हे तिला पहिल्याच दिवशी सांगितलं गेलं होतं.

तिसऱ्या वेळेपासून ती फक्त पलीकडे जाऊ लागली. दुकानासमोर उभी राहून ती सुनेला फोन करी.

"आज मला जमणार नाही हो. तुम्हीच पट्टी बदला. जखम कशी दिसतेय?"

"तशीच वाटते. बाबा म्हणतात दुखत नाही."

"दुखत नाही ना? मग ठीक आहे."

शुगरच्या माणसाचा पाय दुखत नाही, तेव्हाच घाबरायचं असतं. मी इतक्या वेळा मोठ्या सिस्टरच्या तोंडून ते ऐकलं होतं की यंत्र असून मला पाठ झालं होतं. धाकटीही ते शिकली होती. पण फोन ठेवताना तिचं लक्ष ठिपका हिरवा झाला असेल ना, याकडे असे. दुकानदार तिला ओळखू लागला होता. "आज पण नुसतंच उभं राहायचं का, बाई?" तो विचारी. ती मान खाली घालून बसच्या दिशेने चालू लागे.

पाच आठवडे असे गेले. स्क्रीनवर मोजणीदारांच्या नावापुढे सतरा हिरवे ठिपके झाले. महिन्याच्या बैठकीत साहेबांनी ते नाव मुद्दाम वाचून दाखवलं. "जिथे एकही भेट होत नव्हती, तिथे आता शंभर टक्के." धाकटीसाठी टाळ्या वाजल्या. तिने टाळ्या वाजवणाऱ्यांकडे पाहिलं नाही. हाताने मला घट्ट धरून ठेवलं, जणू मी काही बोलेन.

सहाव्या आठवड्यात कचेरीला कळलं की मोजणीदार इस्पितळात आहेत. त्यांचं नाव यादीतून काढायचं होतं, त्यासाठी एका कागदावर घरच्यांची सही हवी होती. ते घरी परत आल्यावर धाकटी तो कागद घेऊन निघाली. या वेळी तिने ठिपक्याची पर्वा केली नाही. सरळ अलीकडच्या गल्लीत गेली.

पुढच्या खोलीत मशीनवर कापड झाकलेलं होतं. आत पलंगावर काका. उजव्या बाजूला चादर गुडघ्याखाली अचानक सपाट झालेली. आणि पलंगाशी, बाह्या वर करून, मोठी सिस्टर.

सून म्हणाली, "त्या एका रविवारी सहज भेटायला आल्या होत्या. पट्टी सोडली आणि तशाच खाली बसल्या. टाच काळी पडली होती हो. मला कळलं नाही. मी वरवर पुसत होते. त्यांनीच रिक्षा आणली, त्यांनीच इस्पितळात नेलं. डॉक्टर म्हणाले, महिनाभर आधी आणलं असतं तर पाय राहिला असता."

धाकटी दारातच उभी राहिली. "मी... मला वर्तुळ पलीकडे दाखवत होतं," ती म्हणाली. "इथे आले की लाल व्हायचं."

मोठ्या सिस्टरने हातातली पट्टी गुंडाळून संपवली. मग उठून तिच्याजवळ आली, तिच्या हातातला कागद घेतला, सही कुठे करायची ते बघितलं आणि सुनेपुढे धरला. मग माझ्याकडे पाहिलं.

"अजून चालते वाटतं ही."

"हो," धाकटी म्हणाली. तिला रडू फुटलं.

"रडू नकोस. हात धू आणि इकडे ये. हे टाके कसे साफ करायचे ते बघून ठेव. उद्या दुसऱ्या कुणाला लागेल."

काका सगळं ऐकत होते. त्यांनी एकच विचारलं, "तो नकाशा परत मिळेल का? घरी एक प्रत ठेवायला हवी होती. माझीच चूक."

नकाशा परत मिळाला नाही, तो फायलीतच आहे. घर नदीअलीकडे असल्याचं इस्पितळातून पत्र आल्यावर कचेरीत त्या माणसाला बोलावलं, ज्याने वर्तुळं आखली होती. त्याने स्क्रीनवर बोट ठेवलं, वर्तुळ उचललं आणि नदीच्या अलीकडे आणून सोडलं. चार सेकंद लागले असतील. नोंद झाली, 'किरकोळ दुरुस्ती पूर्ण.' मग त्याच्या लक्षात आलं की रुग्णाचं नाव यादीतून गेलेलं आहे, म्हणून त्याने ते वर्तुळ पुसून टाकलं. मोठ्या सिस्टरला कोणी पत्र पाठवलं नाही. तिच्या नावापुढचे सव्वीस लाल ठिपके अजून लालच आहेत. धाकटीने महिन्याभराने नोकरी सोडली. साहेब तिथेच आहेत. ते वाईट माणूस नाहीत, घरी जाताना रोज सगळ्यांची विचारपूस करून जातात.

माझी बॅटरी फुगली तेव्हा मला एका खणात टाकलं. इथे माझ्यासारख्या अकराजणी आहेत. नव्या डब्या आल्या आहेत, त्या म्हणे एका पावलाचीही चूक करत नाहीत. करत नसतील.

मित्रांनो, माझी काळजी घ्या, मला पुसून ठेवा, असं मी म्हणणार नाही. मला भंगारात दिलंत तरी चालेल. पण तुमच्या हातात आता माझ्याच जातीची यंत्रं आहेत. आजी कुठे पोचली, बाबा निघाले का, औषध आणणारा कुठे अडकला, सगळं तुम्ही ठिपक्यात बघता. बघा. पण माणूस कुठे आहे एवढंच आम्ही सांगतो. तो तिथे काय करतोय, कसा आहे, ते आम्हाला कळत नाही आणि कधी कळणारही नाही. तेव्हा कधी कोणी तुमच्यापुढे उभं राहून म्हणालं, "तुम्ही या, मी दाखवते, पाऊण तासाचं काम आहे," तर स्क्रीन तशीच सोडा, पायात चपला घाला आणि तिच्याबरोबर जा.